ट्रकला लगाम, पगाराला किती?

समजा, अमेरिकेतल्या एका वाहतूक कंपनीकडून नोकरीचं पत्र आलंय. मैलाला 60 सेंट, ट्रक कंपनीचा, डिझेल कंपनीचं. खाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे: ट्रक ताशी 62 मैलांवर गव्हर्न केलेला, म्हणजे गव्हर्नर नावाच्या वेगनियंत्रकाने त्याहून जास्त पळू न देणारा. दुसऱ्या कंपनीचंही पत्र आहे. ती मैलाला 58 सेंटच देते, पण तिचे ट्रक 68 पर्यंत पळतात. कुठली नोकरी घ्यायची?

नुसत्या दरावरून ठरवू नका आणि नुसत्या वेगावरूनही नको. कागद-पेन घ्या.

समजा, दिवसात 9 तास चाक फिरलं. त्यातले 6 तास मोकळा महामार्ग आणि 3 तास गाव, घाट, रस्त्याची कामं, म्हणजे ताशी 40 मैलांचा मामला. त्या 3 तासांत दोन्ही ट्रक सारखेच, 120 मैल. मोकळ्या रस्त्यावर मात्र एक 372 मैल जाईल, दुसरा 408. दर सारखाच 60 सेंट असता तर या 36 मैलांपोटी रोज 21.60 डॉलर बुडाले असते. पाच दिवसांचे 108, वर्षाचे 50 आठवडे धरले तर 5,400. 58 आणि 60 सेंटांच्या आपल्या उदाहरणात पहिली कंपनी दिवसाला 295.20 डॉलर देते, दुसरी 306.24. कमी दराची कंपनी रोज 11 डॉलरनी पुढे.

आता हाच हिशेब फिरवून बघा. डिस्पॅचरकडे आज एकच लोड आहे, 492 मैलांचा, आणि उद्या सकाळशिवाय तो उतरवून घेणार नाहीत. मग 62 वाला 295 डॉलर घेईल आणि 68 वाला 285. लवकर पोहोचलेल्याला अर्धा-पाऊण तास जास्त झोप मिळेल, पैसे नाही. गव्हर्नर तुमच्या खिशात हात घालतो तो फक्त तेव्हा, जेव्हा पुढचा लोड तयार असतो आणि तुमची वेळ आधी संपते. त्यामुळे मुलाखतीत ‘ट्रक किती पळतो?’ याच्याआधी ‘तुमच्या ड्रायव्हरला आठवड्याला सरासरी किती मैलांचे पैसे मिळतात?’ हे विचारा.

वेळ संपते म्हणजे काय, हे नव्या माणसाला नीट कळायला हवं. तिथल्या केंद्रीय नियमानुसार सलग 10 तास विश्रांती घेतल्यावर 11 तास गाडी चालवता येते, आणि तेही कामाला लागल्यापासून 14 तासांच्या आत. शिवाय आठ दिवसांत कामाचे 70 तास झाले की चालवणं बंद. सरासरी काढली तर दिवसाला पावणेनऊ तास होतात आणि त्यात गाडीची तपासणी, डिझेल, चढउतार सगळं आलं. डिसेंबर 2017 पासून बहुतेक ट्रकांत या तासांची नोंद, म्हणजे लॉग, यंत्रच भरतं. वहीत तास इकडचे तिकडे करायचे दिवस संपले. म्हणून मिनिटाला किंमत आहे.

रस्ता कुठला हेही तितकंच महत्त्वाचं. कॅलिफोर्नियात तीन किंवा जास्त आसांच्या ट्रकला 55 ची मर्यादा आहे. तिथेच फिरणार असाल तर 62 आणि 68 मध्ये काही फरक नाही. पश्चिम टेक्सासात आय-10 च्या काही पट्ट्यांवर मर्यादा 80 आहे, तिथे 62 वर बांधलेला ट्रक दिवसभर सगळ्यांच्या मागे. कॅनडात ऑन्टारिओ आणि क्युबेकने 2009 पासून अवजड ट्रकांना ताशी 105 किलोमीटरचा, म्हणजे 65 मैलांचा गव्हर्नर सक्तीचा केलाय, 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियानेही केला. ऑन्टारिओतल्या ब्रॅम्प्टनहून निघणाऱ्या ट्रकला त्यापुढची स्वप्नं बघण्यात अर्थ नाही. अमेरिकेत देशभरासाठी असा नियम करायचा प्रस्ताव 2016 मध्ये आला होता, तो 2025 मध्ये मागे घेतला गेला. म्हणजे तिथे आकडा कंपनीच ठरवते.

एक गोष्ट पत्रात सहसा लिहिलेली नसते. काही कंपन्या क्रूझ कंट्रोलवर 65 देतात आणि पायाने चालवलं तर 62, काहींकडे उलटं. ओव्हरटेक करताना हे जाणवतं. समोरचा ट्रक 62 ने चाललाय, तुम्ही 63 ने. दोन्ही सत्तर-सत्तर फूट लांब. नुसतं त्याच्या बाजूने सरकून पुढे जायला दीड मिनिट लागतं, आणि पुढे-मागे राखायचं अंतर धरलं तर त्याहून कितीतरी जास्त. तोवर डावी लेन अडलेली, मागे गाड्यांची रांग. अशा वेळी मागे राहावं. त्या एका मैलाने तुमचा पगार वाढत नाही.

गव्हर्नरपेक्षा मोठी गळती दुसरीकडेच आहे आणि ड्रायव्हर मंडळींनी भांडायचं तर तिच्यासाठी भांडावं. गोदामाच्या दारात 3 तास फुकट बसलात, तर 62 च्या हिशेबाने 186 मैल, म्हणजे 111.60 डॉलर गेले. गव्हर्नरने अख्ख्या आठवड्यात नेले त्याहून जास्त, एका दुपारी! आणि 14 तासांचं घड्याळ त्या वेळातही चालूच असतं. ओव्हरटाइमची आशा धरू नका. 1938 च्या तिथल्या वेतन कायद्याने राज्याबाहेर माल नेणाऱ्या ड्रायव्हरांना दीडपट दरातून वगळलेलं आहे. खोळंब्याचे पैसे, म्हणजे डिटेन्शन, बहुधा पहिले दोन तास सोडून सुरू होतात. किती तासांनंतर, ताशी किती, आणि ग्राहकाने कंपनीला दिले नाहीत तरी तुम्हाला मिळतील का, हे लेखी घ्या.

मैल कसे मोजतात तेही विचारा. बऱ्याच कंपन्या प्रत्यक्ष धावलेल्या मैलांचे नव्हे, तर ठरावीक तक्त्यातल्या अंतराचे पैसे देतात. आठवड्याच्या 2,500 मैलांत शंभरामागे 5 मैल कमी धरले, तरी 75 डॉलर गेले.

मग कंपनी ट्रक बांधते कशासाठी? सुरक्षितता हे कारण खरं आहे. भरलेल्या ट्रकला थांबायला लागणारं अंतर वेगाबरोबर झपाट्याने वाढतं. पण डिझेलही आहे. या धंद्यातला ढोबळ आडाखा असा की ताशी एक मैल वेग वाढला की ॲव्हरेज गॅलनला 0.1 मैलाने पडतं. 62 वर 7 मिळत असेल तर 68 वर 6.4. वर्षाला 1,20,000 मैलांवर सुमारे 1,600 गॅलनांचा फरक. गॅलनला 4 डॉलर धरले तर 6,400 डॉलर. वर ड्रायव्हरचे गेलेले 5,400 आठवा. म्हणजे कंपनीच्या बचतीतला मोठा वाटा ड्रायव्हर आपल्या वेळेतून भरतो. त्यातला हिस्सा इंधन बोनस म्हणून मागणं हा हक्काचा सौदा आहे, मेहेरबानी नव्हे. युरोपीय संघाच्या 2006 च्या नियमात तर अंतरावर किंवा मालाच्या प्रमाणावर अवलंबून असं वेतन, ज्याने रस्त्यावर धोका वाढेल, ते देण्यालाच बंदी आहे. मला तोच रस्ता बरोबर वाटतो.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम 118 खाली मालट्रकला ताशी 80 किलोमीटरचा वेगनियंत्रक आहे, डंपर आणि टँकरला 60 चा. महिन्याचा पगार आणि खेपेचा भत्ता असेल तर वेग बांधल्याने पगार हलत नाही, पण महिन्यातल्या खेपा कमी होऊ शकतात. त्यातही न्हावाशेव्याला कंटेनर घेऊन रांगेत जाणारे तास आधी मोजा, मग गव्हर्नरला बोल लावा.

गव्हर्नरने खाल्लेली मिनिटं गावातल्या रस्त्यावर किंवा दुरुस्तीच्या पट्ट्यात भरून काढायला जाऊ नका. एक दंडाची पावती कित्येक दिवसांचा फरक गिळते आणि लायसन्सवर डाग राहतो तो वेगळाच. नोकरी धरल्यावर पहिला महिनाभर रोज चार आकडे टिपा: चाक फिरलेले तास, मोकळ्या रस्त्याचे तास, खोळंबा आणि पैसे मिळालेले मैल. आठवड्याच्या पगारपत्रकाशी ते ताडून बघा आणि फरक दिसला तर तो कागद घेऊनच पेरोलवाल्याकडे जा.