आडनावाचा भरवसा

रत्नागिरी जिल्ह्यात महसूल खात्याची चाकरी करण्यात हयात गेल्यामुळे, निवृत्तीनंतरही जुन्या दप्तरांसंबंधी विचारपूस करणारी माणसे माझ्या ओटीवर येत असतात. त्यांतच मॉरिशसचे एक मराठी कुटुंब आले. त्यांचे आडनाव इतके विरळा की, आपल्याकडे ते एकाच गावी आढळते असे कळताच तेथील मंडळी आपले भाऊबंद होत, असे ठरवून ही माणसे मिठाई व कपडालत्ता घेऊन परभारे तेथे जाऊन आली होती. पहिल्या दिवशी आगतस्वागत यथास्थित झाले. परंतु 'हे सातबाऱ्यावर नाव लावायला आले आहेत' अशी कुजबुज वाडीत उठली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कोणी 'बसा'ही म्हणेना. पुढे कागद पाहता, ज्या नात्यापायी हा मनस्ताप झाला, ते नाते मुळातच नव्हते!

१८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करार करून मॉरिशसला गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. तेथील दप्तरात मजुराचे व त्याच्या बापाचे नाव कारकुनाच्या कानास जसे ऐकू आले तसे नोंदले जाई, आणि पुढच्या पिढीस बहुधा वाडवडिलांचे ते व्यक्तिनामच आडनाव म्हणून चिकटे. अशा आडनावाचे कोकणातील एखाद्या कुळाच्या आडनावाशी साम्य आढळले, तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो.

म्हणून शोध घेणाऱ्याने प्रथम पूर्वजाचा नोंदणी क्रमांक हुडकावा. या कुटुंबाजवळच्या एका जीर्ण जन्मदाखल्यावर, इतके दिवस कोणी लक्ष न दिलेला, आईबापांचा क्रमांक होता. त्यावरून मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या नोंदवह्यांतून जहाज, पित्याचे नाव, वय, जात, जिल्हा व गाव इतका तपशील मिळाला, आणि गाव निघाले सातारा जिल्ह्यातले!

गावाचे नाव इंग्रजी लेखनात ओळखू येत नसेल, तर ते मोठ्याने उच्चारून आसपासच्या गावांशी ताडून पाहावे; नोंदीत रत्नागिरी जिल्हा असला, तरी मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते, हे विसरू नये. सातबारा एवढ्या मागे जात नाही. त्याऐवजी तालुका कचेरीच्या जुन्या दप्तरात पित्याचे नाव शोधावे, आणि घराण्याचे तीर्थोपाध्याय नाशिक-त्र्यंबकेश्वरी असल्यास त्यांच्या वह्याही पाहाव्यात. मूळ कागद हाती येण्यापूर्वी तयार वंशावळ विकणाऱ्या मध्यस्थास एक छदामही देऊ नये.

गावात जाण्याआधी पोलीस पाटलामार्फत पत्र धाडावे, जमिनीवर आपला कोणताही दावा नाही हे त्यात निःसंदिग्ध लिहावे, आणि वाटणीचा विषय यजमानाने काढला तरी आपण वाढवू नये. पित्याचे नाव, गाव आणि कुलदैवत ही तिन्ही जुळली, तरच आप्तसंबंधाची गोष्ट बोलावी. केवळ आडनाव जुळले असता, चौकशीला एक जागा सापडली एवढेच समजावे.