बॅफलला बाजारचा पॉप रिबिट नको

श्रीरामपूरकडचे आमचे एक स्नेही परदेशातली नोकरी संपवून गावी परतले आणि दोन आसनी विमानाचं किट मागवून शेडमध्ये बांधायला बसले. अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं आणि २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’च्या मांडवात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून अशा माणसाला कुणी सरळसरळ वेड्यात काढत नाही. माझी उमर नागापूर एमआयडीसीत पत्रा कापण्यात आणि वाकवण्यात गेली, म्हणून त्यांनी मला इंजिनाचे बॅफल पाहायला बोलावलं. विमान अजून उडालेलं नव्हतं, कागदपत्रं बाकी होती. फक्त जमिनीवर बांधून इंजिन चालवून पाहणं सुरू होतं.

बॅफल म्हणजे काय ते जुन्या चेतकवाल्यांना सांगावं लागणार नाही. सिलिंडरभोवतीचं पत्र्याचं आवरण काढून स्कूटर पळवली की पंखा फिरत असूनही इंजिन जाम व्हायचं, कारण हवा सिलिंडरच्या फटींतून जाण्याऐवजी बाजूने निसटायची. विमानाच्या आडव्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनातही तेच गणित आहे. पुढून आलेली हवा इंजिनाच्या वर कोंडायची आणि सिलिंडरच्या फटींतून खाली उतरायला भाग पाडायची. हे कोंडण्याचं काम बॅफलचे पत्रे करतात. पत्रा आणि काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, यांमधली फट बुजवायला वरच्या काठाला सिलिकॉन रबराची पट्टी असते.

स्नेह्यांनी हे काम जवळच्याच एका वर्कशॉपला दिलं होतं. कूलर, ट्रकच्या केबिन, धान्याच्या कोठ्या असलं काम तिथे चांगलं होतं, आणि बॅफलचा पत्राही त्यांनी सुबक वाकवला होता. पण सगळा जोड बाजारातल्या पॉप रिबिटने मारलेला. मी काउलिंग उतरवून बॅटरी मारली तर काही रिबिटांच्या मधल्या खिळ्या गायब होत्या. एक खालच्या काउलिंगमध्ये तेलात पडलेली सापडली. रबराची पट्टी दोन ठिकाणी भोकापासून फाटत चालली होती आणि त्याच बाजूच्या सिलिंडरच्या डोक्याचं तापमान बाकीच्यांपेक्षा चढं दिसत होतं.

वर्कशॉपवाल्याचं म्हणणं असं की बॅफलवर भार कसला येतो? पंखाचा जोड आहे का हा? मग कुठलाही रिबिट चालेल. भाराबद्दल तो खरं बोलत होता. पण बॅफलचा रिबिट भाराने तुटत नाही, थरथरीने ढिला होतो. आणि ढिला झाला की त्याचा तुकडा कुठे जाऊन पडतो, हा खरा प्रश्न आहे.

बाजारातला पॉप रिबिट म्हणजे पोकळ ॲल्युमिनियमची नळी आणि आत लोखंडी खिळा. खिळा ओढला की नळी फुगते, खिळा तुटतो आणि त्याचं डोकं आत नुसतं अडकून राहतं. त्याला कुलूप नसतं. पावसाळ्यात ते गंजतं, थरथरीत सुटतं. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना लागून ओलसर राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं ते वेगळंच. काही विमानांत इंजिनाच्या श्वासाची हवा बॅफलमधूनच घेतात. तिथे फिल्टरच्या पलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, पोकळ रिबिट एकसुद्धा नको. सुटलेली खिळी सरळ सिलिंडरमध्ये जाऊ शकते.

तोडगा सापडला तो ओझरला. एचएएलच्या कारखान्यात रिव्हेटिंगवर नोकरी काढलेले एक निवृत्त गृहस्थ यायला तयार झाले. त्यांनी आमचं ड्रिल आधी बाजूला ठेवायला लावलं. पॉप रिबिटसाठी मोकळं पाडलेलं भोक भरीव रिबिटला चालत नाही. रिबिट आत वाकतो आणि बाहेरून मात्र ठीक दिसतो. अशी भोकं त्यांनी एक माप वर नेऊन सारखी केली, दोन्ही बाजूंची बर काढली आणि मगच डॉली, म्हणजे रिबिटच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा, हातात घेतली.

पत्र्याला पत्रा जोडताना विमानाचा भरीव रिबिट वापरा, एडी जातीचा. हा २११७ मिश्रधातूचा असतो आणि डोक्यावर बारीक खळी असते, तीच ओळख. तो आहे तसा ठोकता येतो. त्याहून कडक २०२४ धातूचे रिबिट आधी तापवून, पाण्यात बुडवून, बर्फाच्या थंडीत ठेवावे लागतात. बॅफलला त्या ताकदीची गरजही नाही. सांकेतिक नाव वाचायला सोपं आहे. एएन ४७० एडी ४-४ म्हणजे युनिव्हर्सल डोकं, जाडी ४/३२ इंच, लांबी ४/१६ इंच. दोन पत्रे प्रत्येकी ०.८ मिलिमीटरचे असतील तर पकड १.६ आणि ठोकायला रिबिटच्या जाडीच्या दीडपट, म्हणजे ४.८. बेरीज ६.४ मिलिमीटर, पाव इंच. ठोकल्यावर मागचं डोकं जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. काठापासून भोकाचं केंद्र जाडीच्या दुप्पट तरी आत घ्या. नाहीतर काठ तडकतो.

रबराच्या पट्टीला मात्र भरीव रिबिट ठोकू नका, रबर चेपून कापलं जातं. तिथे मऊ ॲल्युमिनियमचा, ॲल्युमिनियमचीच खिळी असलेला, रुंद डोक्याचा पॉप रिबिट चालतो, पण रबरावर वॉशर किंवा पत्र्याची पट्टी दाबून. आमची पट्टी फाटली ती याच्याअभावी. पट्टीचा बाक हवा येते त्या बाजूला, आतल्या अंगाला ठेवा. उलटी बसवली तर हवाच ती उचलून धरते. आणि टायर-ट्यूबचं काळं रबर लावू नका, उष्णतेने आणि तेलाने ते कडक होऊन तडकतं.

मागे हात पोचत नाही तिथे काय? तिथे खिळीला कुलूप असलेला विमानाचा आंधळा रिबिट घ्या, नाहीतर नटप्लेट लावून स्क्रू. महाग पडतं, हे मान्य.

थोडं विषयांतर. नगरला विमानाच्या इंजिनाचं वावडं नाही. मानवरहित ‘निशांत’साठीच्या ५५ अश्वशक्तीच्या देशी व्हँकेल इंजिनात इथल्या व्हीआरडीई या लष्करी वाहन-संशोधन संस्थेचा हात होता आणि २००९ साली कोलारला ते विमान त्या इंजिनावर उडालं. इंजिनाचं नाव पेपरात छापून येतं, त्याच्याभोवतीच्या पत्र्याबद्दल कुणी विचारत नाही. म्हणूनच तो कूलरवाल्याकडे जातो.

रिबिट बदलून, पट्टी नवी लावून इंजिन पुन्हा चालवलं तेव्हा चढं दिसणारं तापमान बाकीच्यांच्या जवळ आलं. तरी काम संपलं असं समजू नका. इंजिन पहिल्या काही वेळा चालवल्यानंतर काउलिंग उतरवा आणि प्रत्येक रिबिटाभोवती बोट फिरवा. काळसर राखाडी डाग दिसला तर तो रिबिट हलतो आहे. त्यावर पुन्हा हातोडी मारू नका. ड्रिल करून काढा आणि एक माप मोठा घाला. पॉप रिबिट जिथे वापरलेच असतील तिथल्या खिळ्या मोजा, आणि एक जरी कमी भरली तर ती सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नका.