बातमी प्रकाशाहून वेगवान न्यूट्रिनोची

प्रस्तावना

विज्ञानातील नव्या शोधांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो, दूरदर्शनवर पाहतो. अशी बातमी आली की कुणी चकित होतो, कुणी लगेच विश्वास ठेवतो, तर कुणी ती हसण्यावारी नेतो. त्या विषयाच्या अभ्यासात ज्यांचे आयुष्य गेले आहे, ते तज्ज्ञ अशा वेळी काय करतात? २०११ साली युरोपात घडलेल्या एका घटनेच्या आधारे या पाठात ह्या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• शोधाचा दावा आणि सिद्ध झालेला शोध यांतील फरक सांगू शकाल;
• स्वतंत्र पडताळणी का आवश्यक असते हे स्पष्ट करू शकाल;
• विज्ञानविषयक बातमी वाचताना कोणते प्रश्न विचारावेत हे ठरवू शकाल.

मूळ पाठ

प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर अंतर कापतो. कोणतीही वस्तू किंवा कण ह्या वेगाच्या पुढे जाऊ शकत नाही, ही गोष्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडलेल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतातून निष्पन्न होते. त्यानंतरच्या शंभर वर्षांत असंख्य प्रयोगांनी हा सिद्धांत तपासला आणि प्रत्येक कसोटीला तो उतरला. म्हणूनच २३ सप्टेंबर २०११ रोजी आलेल्या एका बातमीने साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले. न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा किंचित अधिक वेगाने धावले, असे त्या बातमीत म्हटले होते.

न्यूट्रिनो हा अणूपेक्षा कितीतरी सूक्ष्म असा मूलकण होय. त्याच्यावर विद्युतभार नसतो आणि तो खडकांतून, डोंगरांतून, किंबहुना संपूर्ण पृथ्वीतूनही सहज आरपार जातो. इतर कणांचा अडथळा टाळण्यासाठी त्याचा शोध जमिनीखाली खोलवर घ्यावा लागतो. आपल्या देशात कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ साली अशा न्यूट्रिनोंची नोंद झाली होती.

इटलीतील ग्रान सासो या पर्वताच्या पोटातही अशीच एक प्रयोगशाळा आहे. तेथे ‘ऑपेरा’ नावाचा प्रयोग चालू होता. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेतून न्यूट्रिनोंचा झोत सोडला जाई आणि जमिनीखालून सुमारे ७३० किलोमीटर अंतर कापून तो ग्रान सासोला पोहोचे. वाटेत एका प्रकारच्या न्यूट्रिनोचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर होते काय, हे पाहणे हा प्रयोगाचा मूळ उद्देश होता. त्याच वेळी कणांचा वेगही मोजण्यात आला. तीन वर्षांत नोंदलेल्या सुमारे १६ हजार न्यूट्रिनोंचा हिशेब मांडला, तेव्हा ते प्रकाशाला लागणाऱ्या वेळेच्या ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे दिसले. नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. शर्यतीच्या भाषेत सांगायचे, तर ७३० किलोमीटरच्या धावेत न्यूट्रिनोने प्रकाशाला सुमारे १८ मीटरने मागे टाकले होते.

मोजमापात कसूर राहू नये म्हणून ह्या शास्त्रज्ञांनी मोठी दक्षता घेतली होती. दोन्ही ठिकाणांमधील अंतर त्यांनी २० सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजले होते. २००९ साली ला’क्विला येथे झालेल्या भूकंपाने प्रयोगशाळेची जागा काही सेंटिमीटर सरकली, तेही त्यांच्या मोजणीत आले होते. अनेक महिने चूक शोधूनही ती सापडेना, तेव्हा त्यांनी आपली आकडेवारी जगापुढे ठेवली. ‘आइन्स्टाइन चुकले’ असे त्यांनी म्हटले नाही; इतरांनी हे मोजमाप स्वतंत्रपणे तपासावे, असे आवाहन केले. निष्कर्ष जाहीर करण्याची ही घाई आहे असे वाटून प्रयोगातील काही सदस्यांनी त्या निबंधावर आपले नावही घातले नाही.

सामान्य लोकांपर्यंत मात्र बातमी वेगळ्या रूपात पोहोचली. आइन्स्टाइन चुकले की काय, अशा आशयाचे मथळे अनेक देशांतील वर्तमानपत्रांत झळकले. आता भूतकाळात प्रवास करता येईल, अशी चर्चा रंगू लागली. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, अशा धाटणीचे न्यूट्रिनोवरचे विनोदही प्रसृत झाले. ह्या उत्साहात वावगे काही नव्हते. एरवी भौतिकशास्त्राकडे न वळणारी माणसे त्या निमित्ताने प्रकाशाच्या वेगाविषयी बोलू लागली. परंतु ‘तपासून पाहा’ ही मूळ विनंती या गलबल्यात हरवली.

तज्ज्ञांची पहिली प्रतिक्रिया होती ती संशयाची. हा निष्कर्ष खरा ठरला, तर आपण दूरदर्शनवर सर्वांसमक्ष आपली चड्डी खाऊन दाखवू, असे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जिम अल-खलीली यांनी जाहीर केले. पण तज्ज्ञ केवळ थट्टेवर थांबले नाहीत. त्यांनी संशयाची कारणे मांडली. १९८७ साली सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ताऱ्याचा स्फोट दिसला होता. त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या सुमारे तीन तास आधी पृथ्वीवर पोहोचले. कारण स्फोट होणाऱ्या ताऱ्यातून प्रकाशाला बाहेर पडण्यास वेळ लागतो. ऑपेराने सांगितलेला वेग त्या न्यूट्रिनोंचा असता, तर ते चार वर्षे आधी आले असते. अर्थात ताऱ्याकडून आलेल्या न्यूट्रिनोंची ऊर्जा पुष्कळ कमी होती, त्यामुळे एवढ्याने निर्णय लागत नव्हता. पुढे अँड्र्यू कोहेन व नोबेल पारितोषिकाचे मानकरी शेल्डन ग्लॅशो यांनी दाखवून दिले, की प्रकाशाहून वेगवान न्यूट्रिनो वाटेतच आपली बरीच ऊर्जा गमावून बसेल. ग्रान सासोला पोहोचलेल्या कणांत तशी घट आढळली नाही.

नोव्हेंबर २०११ मध्ये ऑपेराने अधिक काटेकोर पद्धतीने प्रयोग पुन्हा केला. उत्तर तेच आले. अनेकांना वाटले, आता शंकेला जागा उरली नाही. वस्तुतः घड्याळ तेच होते, जोडणीही तीच होती. सदोष तराजूवर एकच धान्य दहा वेळा तोलले, तरी वजन दहाही वेळा सारखेच चुकणार.

दोष सापडला तो फेब्रुवारी २०१२ मध्ये. उपग्रहांकडून येणारी अचूक वेळ प्रयोगाच्या मुख्य घड्याळापर्यंत नेणारी एक प्रकाशतंतूची केबल नीट घट्ट बसवलेली नव्हती. त्यामुळे वेळेचा संकेत उशिरा पोहोचत होता आणि न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे भासत होते. घड्याळाच्या यंत्रणेत आणखी एक लहान दोष निघाला. हे दोष ऑपेराच्या शास्त्रज्ञांनी स्वतःच शोधले आणि स्वतःच जाहीर केले. मार्चमध्ये त्याच प्रयोगशाळेतील ‘इकारस’ या दुसऱ्या प्रयोगाने आपल्या स्वतंत्र यंत्रणेने वेग मोजला. तो प्रकाशाच्या वेगाशी जुळणारा होता. जून २०१२ मध्ये जपानमधील क्योटो येथे भरलेल्या परिषदेत ग्रान सासोतील चार प्रयोगांचे निष्कर्ष सादर झाले. चारही एकमुखी होते. सुधारित मोजणी करणारा ऑपेराही त्यांत होता.

या प्रकरणाची किंमत काहींना मोजावी लागली. मार्च २०१२ च्या अखेरीस प्रकल्पाचे प्रवक्ते आंतोनियो एरेदितातो आणि भौतिकी समन्वयक दारिओ ऑतिएरो आपापल्या पदांवरून दूर झाले. निष्कर्ष इतक्या लवकर जगापुढे मांडायला हवा होता काय, यावर आजही दोन मते आहेत. तो लपवून ठेवणे योग्य ठरले नसते, असे काही म्हणतात; आधी सारी यंत्रणा तपासायला हवी होती, असे इतरांचे म्हणणे आहे. मात्र चूक उघडकीस आली ती खुल्या तपासणीमुळेच, याविषयी दुमत नाही. प्रयोगाचे मूळ कामही वाया गेले नाही. न्यूट्रिनोच्या रूपांतराचा पाचवा पुरावा ऑपेराने २०१५ साली सादर केला आणि आपला उद्देश सिद्धीस नेला.

नवी बातमी ऐकताच तिच्यावर विश्वास ठेवणे किंवा तिची टर उडवणे, दोन्ही सोपे आहे. हे मोजमाप कोणी केले, दुसऱ्या कोणी वेगळ्या साधनांनी ते तपासले काय, आणि स्वतः संशोधक किती खात्री देतात, हे तीन प्रश्न विचारण्यासाठी मात्र थोडा धीर लागतो. त्यासाठी शास्त्रज्ञच असावे लागते असे नाही. प्रत्येक सुजाण वाचकाला ते विचारता येतात.

शब्दार्थ

निष्पन्न होणे – परिणाम म्हणून निघणे
दक्षता – काळजी, सावधपणा
प्रसृत होणे – पसरणे
पडताळणी – खरेखोटेपणाची तपासणी
सुजाण – समंजस, जाणता

पाठान्त प्रश्न

१. ऑपेरा प्रयोगाचा मूळ उद्देश कोणता होता?
२. नोव्हेंबर २०११ मध्ये प्रयोग पुन्हा करूनही चूक का उघड झाली नाही? तराजूच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. सामान्य लोकांची व तज्ज्ञांची प्रतिक्रिया यांतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. ‘निष्कर्ष जाहीर करण्याची घाई झाली’ या मताशी तुम्ही सहमत आहात काय? सकारण लिहा.
५. वर्तमानपत्रातील विज्ञानविषयक एखादी बातमी निवडा आणि पाठाच्या शेवटी दिलेले तीन प्रश्न तिला लावून पाहा.