कामठीच्या उन्हापावसात टिकणारं स्टिकर

शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कामठीचं ऊनही त्याच तोडीचं, आणि पाठोपाठ पावसाची झड. लोणच्याच्या बरणीवरचं किंवा दुचाकीवरचं स्टिकर या दोन्हींतून टिकायला हवं. घरच्या इंकजेट प्रिंटरवर ते जमतं. मात्र लॅमिनेशन टाळायचं नाही.

साहित्य : इंकजेटचं ए-फोर व्हिनाइल, पारदर्शक चिकट फिल्म, कटर, स्टीलची पट्टी, स्पिरिट, मऊ कापड.

खरेदी करताना पाकिटावर ‘इंकजेट’ लिहिलंय का, ते बघा. फ्लेक्सवाल्यांचं साधं व्हिनाइल स्वस्त मिळतं, पण प्लास्टिक पाण्यातली शाई पीत नाही; वरचा शोषक थर नसेल तर शाई थेंबांनी साचते आणि बोटाला लागते. शाई पिगमेंटची असेल तर उत्तम. इंक टँकच्या बऱ्याच प्रिंटरांत रंगीत शाई डायची असते. ती पाण्यात पसरते, उन्हात लवकर विटते.

चित्र ३०० डीपीआयचं घ्या, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या स्टिकरला साधारण ६०० पिक्सेल. कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपरा आधी सुटतो. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे पारदर्शक व्हिनाइलवर पांढरी अक्षरं दिसणारच नाहीत.

आता नोझल तपासा आणि साध्या कागदावर एक प्रत काढा. मग व्हिनाइलचं एकच पान घाला. मागून कागद घेणाऱ्या प्रिंटरात छपाईची बाजू वर, खालच्या ट्रेमध्ये सहसा खाली. कागदाचा प्रकार ‘ग्लॉसी’ किंवा ‘मॅट’, जसं पान असेल तसा निवडा. शाई साचत असेल तर दर्जा एक पायरी उतरवा.

उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर चालू असतो. त्याच्या दमट हवेत शाई लवकर वाळत नाही आणि उघड्या पाकिटातली पानं वाकतात. छपाई दुसऱ्या खोलीत करा, उरलेली पानं पिशवीत बंद ठेवा. छापलेलं पान रात्रभर सपाट वाळू द्या. उन्हात ठेवू नका, ते गुंडाळतं.

दुसऱ्या दिवशी फिल्मचा मागचा कागद थोडा सोलून एका कडेला चिकटवा आणि कापडाने दाबत, हळूहळू कागद ओढत पुढे सरका. कापताना चित्राभोवती दोन-तीन मिलिमीटर कोरी कड सोडा. पाणी कडेतूनच शिरतं. रंग कडेपर्यंत असला तर तो तिथूनच ओघळू लागतो.

बरणी स्पिरिटने पुसून कोरडी करा. स्टिकर मधोमध टेकवून बाहेरच्या बाजूला दाबत जा.

हे व्हिनाइल लेझर प्रिंटरात कधीही घालू नका. आतल्या उष्णतेने ते वितळून अडकतं. आणि पूर्ण पाकीट छापण्याआधी एक स्टिकर बरणीला लावा, दिवसभर गच्चीवर ठेवा, मग पाण्यात बुडवून बघा. रंग हलला नाही तरच पुढची पानं छापा.