फाईल तुझ्याच हातात ठेव

बघ बाई, तू पुण्याला निघालीस म्हटल्यावर घरात काय चाललं असेल ते मला किल्लारीत न येताही दिसतंय. आई येसर भाजतेय, काकू शेंगदाण्याची चटणी कुटतेय आणि मधूनच दोघी पदरानं डोळे पुसतायत. पुसू दे त्यांना. तू जरा इकडं ये. पेटीत काय भरायचं हे सांगणारे ढीगभर आहेत, फाईलीत काय भरायचं ते मी सांगते.

आपल्याकडं पोरीचे कागद पप्पांच्या कपाटात असतात. सीईटीचा फॉर्म नेटकॅफेवाल्या दादानं भरलेला, पासवर्ड त्याच्या वहीत आणि मोबाईल नंबर पप्पांचा. म्हणजे तू पुण्यात अर्ज भरत बसणार आणि ओटीपी जाणार सोयाबीनच्या रानात! हे आधी बदल. आधारला तुझा नंबर जोड. महाडीबीटीचं लॉगिन तुझ्याकडं घे. बँक खातं तुझ्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं, कारण शिष्यवृत्ती त्यातच जमा होते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रिमीलेअर, टीसी, जे जे तुला लागतं त्याची मूळ प्रत एका फाईलीत, झेरॉक्स दुसरीकडं आणि फोटो फोनमध्ये ठेव. एखादा दाखला राहिला असेल तर औशाच्या तहसीलला आत्ताच जा. पप्पांना सोबत घे, पण खिडकीवर तू उभी राहा. पुढं पुण्याहून एका सहीसाठी परत यायचं म्हणजे किती लेक्चर बुडतील, हिशेब कर.

२०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. ‘पोरीच्या इंजिनिअरिंगवर एवढा पैसा कशाला’ म्हणणारे भावकीत अजून आहेत, त्यांच्यापुढं हा शासन निर्णय ठेव. पण एक ध्यानात घे, माफ होतं ते शुल्क. खोली, मेस, बस, वह्या यांचे पैसे लागतातच. त्यासाठी सरकारी वसतिगृहाचा अर्ज कर. अनुसूचित जातीच्या ज्या मुलींना ते मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तुला कोणती लागू पडते ते पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचार. मैत्रिणीला विचारू नकोस, तिलाही तिच्या मैत्रिणीनंच सांगितलेलं असतं.

बारावीला लातूरला खोलीवर राहिलेल्या मुलींना वाटतं, आपल्याला आता सगळं येतं. लातूरला आईचा डबा एसटीनं यायचा, हे त्या विसरतात. पुण्यात पहिल्या महिन्यात पैसे असे जातात की कळत नाही. गादी, बादली, कुलूप, वर खोलीचं डिपॉझिट. महिनाभर प्रत्येक रुपया लिही, मग घरी आकडा सांग. पाण्याचं तेवढं तुला कुणी शिकवायला नको. ज्या जिल्ह्याच्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथली पोरगी एका बादलीत भागवते.

आता अवघड गोष्ट. आई तुला रात्री-बेरात्री फोन करणार. तू चिडणार, रूममेट हसणार. पण आईच्या बाजूनं बघ. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप, पहाटे चारच्या जरा आधी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, आणि दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. आई तेव्हा शाळेत शिकत होती. तिची शिकायची वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये सरली. आपण नव्या गावठाणात जन्मलो, आपल्याला ती पहाट ऐकून माहीत. आई आजही घरातली सगळी माणसं मोजल्याशिवाय पाठ टेकत नाही. आता त्या मोजणीत तू नसणार. म्हणून ‘फोन करू नको’ म्हणण्यापेक्षा जेवण झाल्यावर रोज तूच लाव. आणि ‘मस्त चाललंय’ असं खोटं सांगू नकोस. ताप आला तर ताप आला म्हण, पेपर अवघड गेला तर तसं म्हण. खोटं एकदा उघडं पडलं की तुझ्या ‘बरी आहे’वरही तिचा विश्वास राहत नाही, आणि मग पप्पा थेट हॉस्टेलच्या दारात.

कुणी म्हणेल, शाहू आहे, दयानंद आहे, लातूर सोडून पुणं कशाला? त्या कॉलेजांना नावं ठेवू नकोस, आपल्या भागातली किती घरं त्यांनी वर काढली. पण तुला हवा तो कोर्स जिथं मिळाला तिथं तू जाणार, एवढंच शांतपणे सांग. किल्लारीकडची लेकरं याआधीही पुण्याला गेलीत. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं या भागातली सुमारे १२०० मुलं तिकडं शिकायला नेली, वाघोलीत त्यांची राहायची आणि शाळेची सोय झाली. त्यांना गाव सोडावं लागलं. तू ऑप्शन फॉर्म स्वतः भरून चाललीस. ‘बिचारी एकटी चालली’ असं कुणाला म्हणू देऊ नकोस, स्वतःलाही नको.

तिथं ‘काय करायलीस’ म्हटलं की एखादी फिदीफिदी हसेल. हसू दे, तू तशीच बोल. वर्गातलं इंग्रजी मात्र मनावर घे. पुढच्या बाकावर बस आणि कळलं नाही तर मराठीत विचार, सर खात नाहीत. रॅगिंग झालं तर गप्प बसू नकोस, १८००-१८०-५५२२ हा नंबर फोनमध्ये ठेव.

घरी यायचं म्हणशील, तर एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे, परवडतं. दिवाळीला तर सगळ्याच येतात. येळवस, म्हणजे आपली वेळा अमावस्या, मात्र डिसेंबर-जानेवारीत येते, सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर, आणि पुण्यात तिची सुट्टी नसते. इकडं सगळं गाव रानात भज्जी-आंबिलावर बसलेलं आणि तू मेसच्या रांगेत, पहिल्या वर्षी जीव तुटतो बाई. वेळापत्रक लागलं की लगेच तारीख ताडून बघ. पेपर असेल तर त्याच दिवशी आईला सांगून टाक, आदल्या रात्रीपर्यंत तिला वाट बघायला लावू नकोस.