वनस्पतींचा शेजार : पांढऱ्या सीडरची वने

वर्गात वनस्पतींची ओळख बहुधा एकेकटीने करून दिली जाते. निसर्गात मात्र वनस्पती एकेकट्या राहत नाहीत. सारख्या जमिनीत व सारख्या पाण्यावर एकत्र वाढणाऱ्या वनस्पतींच्या समूहास 'वनस्पती-समाज' म्हणतात. आग्नेय कॅनडा व अमेरिकेतील पंचमहासरोवरांभोवतालचा प्रदेश येथील पांढऱ्या सीडरची वने हे त्याचे बोधप्रद उदाहरण होय.

या वृक्षाचे शास्त्रीय नाव थुजा ऑक्सिडेंटॅलिस. आपल्याकडे शोभेसाठी लावतात ती मोरपंखी याच कुळातील आहे. तिची चपटी डहाळी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, म्हणजे सीडरच्या खवल्यांसारख्या पानांची कल्पना येईल.

समाजाची रचना

हा वृक्ष दलदलीत वाढतो. परंतु साचून आम्ल झालेले पाणी त्यास मानवत नाही. चुनखडीच्या प्रदेशातून झिरपत आलेले, मंदगतीने का होईना पण वाहते पाणी त्यास हवे असते. बाल्सम फर, थंडीपूर्वी पाने गाळणारा टॅमरॅक, काळा ॲश व पिवळा बर्च हे त्याचे शेजारी. जेथे पाणी साचून आम्लता वाढते, तेथे काळा स्प्रूस वरचढ ठरतो. जेथे ऊन पोहोचते, तेथे आल्डरची झुडपे वाढतात. त्यांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र बांधला जातो. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींशी याची तुलना करावी. सर्वांत खाली मॉसचा मखमली थर व त्यात लहान ऑर्किडे असतात.

मेलेला वृक्षही या समाजातून बाद होत नाही. सीडरचे बी अत्यंत बारीक असते. कुजणाऱ्या, मॉसने झाकलेल्या ओंडक्यावर त्यास ओलावा मिळतो आणि ते पाण्यात बुडतही नाही. म्हणून पुष्कळ रोपे अशा ओंडक्यांवरच रुजतात.

समाजावरील संकट

हिवाळ्यात पांढऱ्या शेपटीची हरणे बर्फापासून बचाव करण्यासाठी या दाट वनांच्या आश्रयास येतात. सीडरचा पाला हे त्यांचे आवडते अन्न. हरणांची संख्या फार वाढली की कोवळी रोपे उरत नाहीत. मग वन वरून हिरवेगार दिसते. परंतु त्यात वडीलधारे वृक्ष असतात, पोरे नसतात. तसेच पुरेशा मोऱ्या न ठेवता रस्त्याचा भराव घातल्यास पाणी तुंबते व मोठे वृक्षही उभ्या उभ्या मरतात. तात्पर्य, वनाचे भवितव्य उंच खोडांवरून नव्हे, तर रोपांवरून ओळखावे.

पाठाचा उपयोग

शिक्षकांनी विद्यार्थ्यांस गावच्या ओढ्याकाठी न्यावे. दहा पावले लांब व दहा पावले रुंद जागा आखून द्यावी. तेथील वृक्ष, झुडपे व जमिनीलगतच्या वनस्पती यांची स्वतंत्र यादी करवून घ्यावी. कोणतीही वनस्पती उपटू देऊ नये. नंतर पुढील प्रश्न विचारावेत :

१. कोणत्या वृक्षाची गुडघ्याएवढी रोपे आढळली? कोणाची मुळीच आढळली नाहीत?
२. रोपे नसल्यास त्याचे कारण कोणते असेल : सावली, पाणी, चराई की तोड?
३. पडलेल्या लाकडावर किंवा त्याखाली काय काय वाढत आहे?

उत्तरे आधी सांगू नयेत. ज्या वृक्षाची रोपे आढळली नाहीत, त्याचे नाव फळ्यावर लिहून ठेवावे आणि पुढील पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा पाहणी करावी.