काटकसरीचा संसार : धार-देवासच्या भूमीतील धडे

काटकसर या शब्दाविषयी आपल्या समाजात एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. काटकसर म्हणजे पोट मारणे, पाहुण्याला टाळणे आणि सणावाराला हात आखडणे, असे अनेकांना वाटते. वास्तविक घरात आलेली वस्तू तिचे काम पुरे होण्यापूर्वी वाया जाऊ न देणे, हीच काटकसरीची खरी व्याख्या होय. मग ती वस्तू पैसा असो, धान्य असो, जळण असो की छपरावर पडलेला पाऊस असो. घागर भरत नसेल तर अधिक पाणी ओतण्यापूर्वी तिला भोक पडले आहे काय, हे शहाणा माणूस पाहतो. संसाराच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो.

ही गोष्ट पटवून घ्यावयाची असेल तर माळव्यातील धार व देवास या दोन स्थानांकडे पाहावे. अठराव्या शतकात पवार घराण्याने येथे आपल्या गाद्या स्थापन केल्या. त्यांच्यासमवेत गेलेली मराठी कुटुंबे तेथेच स्थायिक झाली. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ पासून हे दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशात आहेत. काळी कसदार जमीन, बेताचा पाऊस आणि पावलोपावली भाकरी व पाणी मिळते अशी जुनी ख्याती, असा हा प्रदेश. अशा संपन्न भूमीलाही गळतीचे दुष्परिणाम भोगावे लागले, म्हणूनच तिचे उदाहरण उद्बोधक ठरते.

वहीचा धडा

देवासचे राज्य दोन भावांच्या वंशांत विभागले गेले होते. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी त्यांची ओळख होती. शहर एक, परंतु राजे दोन, दरबार दोन आणि कारभारही दोन. एकत्र कुटुंबात चुली वेगळ्या झाल्या की जळण, दिवाबत्ती, भांडीकुंडी या सर्वांचा खर्च कसा वाढतो, हे गृहिणींना सांगावयास नको.

थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार (तिसरे) हे सुसंस्कृत व लोभस स्वभावाचे राजे होते. प्रख्यात इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२१ साली त्यांचे खासगी चिटणीस म्हणून काम केले व पुढे १९५३ साली आपल्या पुस्तकात त्यांच्याविषयी मोठ्या प्रेमाने लिहिले. परंतु स्वभावाच्या गोडव्याने खजिन्यातील तूट भरून निघत नाही. संस्थानाची आर्थिक घडी विसकटत गेली, तुकोजीरावांना अखेरीस देवास सोडून फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडिचेरी गाठावी लागली आणि १९३७ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

राजाला जे चुकले नाही ते शेतकऱ्याला व नोकरदाराला कसे चुकणार? यास्तव जमाखर्चाची वही ही काटकसरीची पहिली पायरी मानली पाहिजे. रोज रात्री पाच मिनिटे बसून त्या दिवशीचा खर्च चार सदरांत लिहावा : अन्न, जळण व वीज, शिक्षण व औषधपाणी आणि किरकोळ. एका महिन्याने बेरीज केली म्हणजे बहुतेक घरांत ‘किरकोळ’ हे सदरच किरकोळ नसल्याचे दिसून येते.

पाण्याचा धडा

धार शहराची ख्याती साडेबारा तलावांचे गाव अशी आहे. धार जिल्ह्यातील मांडवगड तर डोंगरमाथ्यावर वसलेला. तेथील राज्यकर्त्यांनी पावसाचे पाणी तळ्यांत, हौदांत व बावड्यांत साठवूनच नगरी नांदविली. तेथील जहाजमहाल दोन तळ्यांच्या मधोमध उभा आहे.

देवासची कथा मात्र वेगळी आहे. शहर वाढले, कारखाने आले आणि लहानमोठी तळी बुजवून त्या जागी बांधकामे झाली. तळी गेली तसा विहिरींचा जिव्हाळा आटला. अखेरीस २५ एप्रिल १९९० रोजी इंदूरहून पाण्याच्या टाक्या भरलेली आगगाडी देवासला आणावी लागली. पावलोपावली पाणी असल्याचा लौकिक मिरविणाऱ्या प्रदेशावर हा प्रसंग ओढवला. या जिल्ह्याने पुढे मार्गही काढला. २००६ पासून तेथील शेतकऱ्यांनी प्रशासनाच्या प्रेरणेने आपल्याच जमिनीचा काही भाग शेततळ्यांसाठी दिला आणि रब्बीच्या पिकांना पुन्हा ओलित मिळू लागले.

हाच हिशेब घरापुरता मांडून पाहावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ८०० मिलिमीटर पाऊस व ५० चौरस मीटर छप्पर धरले तर वर्षाला ४०,००० लिटर पाणी होते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी ३२,००० लिटर उरते. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास रोज ५० लिटर पाणी लागते असे धरल्यास ६,००० लिटरचे झाकलेले टाके उन्हाळ्याचे चार महिने निभावून नेते. छपराला पन्हळ लावावी, पहिल्या एकदोन पावसांचे धुवण बाहेर सोडून द्यावे आणि नंतरचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून टाक्यात घ्यावे. टाके भरल्यावर उरलेले पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. टाक्यातील पाणी पिण्यापूर्वी उकळावे अथवा क्लोरीनने निर्जंतुक करावे.

परसबागेचा धडा

धार व देवास यांच्या मध्ये इंदूर आहे. तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. १९३१ साली त्यांनी व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर गेली. पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख यांचे थर रचावयाचे, ढीग ओलसर ठेवावयाचा आणि तीन महिन्यांत दोनतीन वेळा वरखाली करावयाचा, हे तिचे सूत्र होय. हवा व ओलावा दोन्ही मिळाले म्हणजे सूक्ष्म जीव आपले काम चोख करतात. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी कमी शेणात अधिक खत देणारी, भिंतींना झरोके असलेली ‘नाडेप’ टाकी प्रचारात आणली.

घरापुरते खत करण्यास एवढा व्याप नको. परसातील एक मीटर लांबरुंद खड्डा पुरेसा आहे. त्यात भाजीची देठे, साली व पालापाचोळा टाकावा, वर शेणकाला शिंपडावा आणि मातीचा पातळ थर द्यावा. मूठभर खत हातात दाबले असता ओल जाणवावी, पण पाणी गळू नये, ही ओलाव्याची सोपी खूण होय.

काळी जमीन पाणी धरून ठेवते. म्हणून पावसाळ्यात भाज्यांसाठी गादीवाफे करावेत, अन्यथा मुळे कुजतात. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका व दुधी, तर हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, गाजर व कोथिंबीर घ्यावी. सगळे बी एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरावे. अन्यथा एका आठवड्यात मेथीचा पूर येतो व पुढील महिनाभर बाजार गाठावा लागतो. कुंपणाशी शेवगा, कढीपत्ता व लिंबू लावावे. मोरीचे पाणी केळी व पपईच्या आळ्यांत सोडावे, मात्र साबणाचे पाणी पालेभाज्यांना देऊ नये.

चुलीचा धडा

मांडवगडचा सुलतान गियासशाह (१४६९-१५००) याच्या मुदपाकखान्यातील पाककृती ‘निमतनामा’ या सचित्र हस्तलिखितात नमूद आहेत. तो ग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच डोंगराच्या परिसरातील भिल्ल कुटुंबे मक्याचे पानिये पानांत धरून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात व डाळीबरोबर खातात. पोषणशास्त्राच्या कसोटीवर हे साधे जेवण हिणकस ठरत नाही. मका व ज्वारीच्या प्रथिनांत जे घटक उणे असतात ते डाळी-कडधान्यांत असतात, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ल्याने प्रथिनांचा कस वाढतो.

माळवा हा सोयाबीनचा प्रदेश आहे. तरीही शेतातील सोयाबीन सर्वच्या सर्व बाजारात जाते आणि घरी मात्र दुकानातून महाग डाळ येते, असे अनेकदा घडते. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. मात्र ते कच्चे खाऊ नये. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून कडक वाळवावे आणि नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळून आणावे. पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही.

जळणाच्या बाबतीत एक शास्त्रीय तत्त्व ध्यानी ठेवावे. पाणी उकळू लागले की आच कितीही वाढविली तरी उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान वाढत नाही. वाढते ती केवळ वाफ. म्हणून उकळी फुटताच आच मंद करावी व भांड्यावर झाकण ठेवावे. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे अन्न लवकर शिजते. वरण, भात व बटाटे एकाच वेळी लावावेत. हरभरा, राजमा व वाटाणा रात्रभर भिजवावेत. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात.

दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची भाजी, शिळ्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात या गोष्टी आपल्या आज्या जाणत होत्याच. शिळा भात मात्र रात्रभर उघडा ठेवू नये. तो लवकर निववून झाकून गार जागी ठेवावा व खाण्यापूर्वी चांगला गरम करावा. आजारपणाचा खर्च वाचलेल्या भातापेक्षा मोठा असतो.

विजेच्या बिलाचा धडा

६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट वीज खर्च होते. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा १.३५ युनिट घेतो. चार दिवे बदलल्यास महिना ३० युनिटांची बचत होते. ७५ वॅटचा जुना पंखा बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट, तर ३० वॅटचा नवा पंखा ११ युनिटांहून कमी वीज घेतो. जुना पंखा बिघडेल तेव्हा हा हिशेब आठवावा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे ४ लिटर, म्हणजे वर्षाला १,५०० लिटर पाणी घालवतो. वायसर बदलण्यास मात्र थोडेच पैसे पडतात.

काटकसर कोणाच्या ताटातून?

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधणे आवश्यक आहे. अनेक घरांत काटकसरीचा पहिला घाव गृहिणीच्या ताटावर पडतो. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले तिने खावे आणि त्यालाच संसाराचे कौशल्य म्हणावे, ही रीत घातक आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला तर नेहमीपेक्षा अधिक आहाराची गरज असते. तिच्या वाट्याची डाळ, मुलाचे दूध किंवा मुलीच्या शाळेचा खर्च कापून जे शिल्लक राहते ती बचत नव्हे, ते उद्याचे कर्ज होय. गळती आधी नळाला, दिव्याला, चुलीला व ‘किरकोळ’ सदराला शोधावी. ती सापडली म्हणजे ताटाला हात लावण्याची वेळ येत नाही.

तसेच हे काम एकट्या गृहिणीचे नाही. खत वरखाली करणे, पन्हळ बसविणे व वही लिहिणे यांत घरातील पुरुषांनी व मुलांनीही वाटा उचलला पाहिजे.

अभ्यासवर्गासाठी

शिक्षक, ग्रामसेवक व महिला मंडळे यांनी पुढील उपक्रम हाती घ्यावेत.

१. विद्यार्थ्यांनी आपल्या घराच्या छपराचे क्षेत्रफळ मोजून त्यावर वर्षाला किती लिटर पाणी पडते, याचे गणित करावे.

२. महिन्याच्या पहिल्या तारखेस विजेच्या मीटरवरील आकडा वहीत टिपावा व सलग तीन महिन्यांची तुलना करावी.

३. शाळेच्या आवारात एक खतखड्डा व चार गादीवाफे करावेत. निघालेली भाजी शालेय पोषण आहारात वापरावी.

४. गावातील बुजलेल्या विहिरी व तळी यांची यादी करून ती ग्रामसभेपुढे मांडावी.

५. आठवडाभर घरात सर्वात शेवटी कोण जेवते व त्या ताटात काय असते, याची प्रामाणिक नोंद प्रत्येक कुटुंबाने करावी. ही नोंद कोणास दाखविण्याची गरज नाही. ती लिहिली आणि वाचली, एवढे पुरे आहे.